सेकंडहँड डिझायरचे टायर: नक्षी जाड हाय पण साईडले भेगा, बदलू का चालवू?

काळीमाती_आर्वी

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या आधी एक जुनी डिझायर घेतली, २०१४ ची, डिझेल. १ लाख १२ हजार चाललेली, एकाच घरी वापरलेली, आमच्या गावच्या मेकॅनिकनं इंजिनचा आवाज ऐकला अन् म्हणे भाऊ डोळे मिटून घेऊन टाक. मागच्या सालचा कापूस अन् तूर इकून पैसा जमवला होता तो गाडीतच गेला, म्हणून आता जे काही लावायचं ते इचार करूनच लावून राहिलो.

विकणाऱ्यानं सांगतलं होतं का टायर ७० टक्के हायेत, अन् वरून पाहाल तं खरंच नक्षी जाड हाय. पण परवा गाडी धुताना पोरगं म्हणे बाबा टायरले भेगा पडल्या. खाली बसून पाह्यलं तं साईडले, कंपनीचं नाव असते ना त्या पट्ट्यात, उलंगवाडी झाल्यावर, म्हंजे कापूस पुरा निघाल्यावर, मे महिन्यात वावरात भेगा पडते तशाच, फक्त केसासारख्या बारीक. समोरच्या दोनले जास्त. अन् मागच्या डाव्या चाकाची हवा चार दिवसात बसते, पंक्चरवाल्यानं चाक पाण्यात बुडवून पाह्यलं तं काहीच नाई निघालं.

गाडी चालते कशी ते सांगतो. घरापासून डांबरी लागेपर्यंत २ किलोमीटर पांदण, म्हंजे वावरातला कच्चा रस्ता, मुरूम टाकला होता तो पावसाळ्यात वाहून गेला, त्याच्यापुढं आर्वीपर्यंत बरा रस्ता. महिन्यातून दोनदा बापाले नागपूरले दवाखान्यात न्या लागते. अन् ह्या डिसेंबरात मायले शिर्डीले नेतो म्हणून कबूल केलं, म्हंजे विरूळवरून समृद्धी महामार्गावर चढायचं अन् चारशेच्या वर किलोमीटर एका दमात. भीती त्याचीच वाटते. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघाताच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, अन् गाडीत माय-बाप अन् लेकरं राहतील.

दुकानावाले तिघं तीन गोष्टी सांगून राहिले. एक म्हणे समोरचे दोनच बदला, मागचे चालते अजून साल-दोन साल. दुसरा म्हणे शहरातून काढलेले चांगले जुने टायर देतो १५०० ले एक. तिसरा म्हणे साइज वाढवून टाका, गाडी रुबाबदार दिसते. सध्या १६५/८० आर १४ हाय. कोणत्या कंपनीचे घ्याव, दोन घ्याव का चार, अन् ह्या भेगा खरंच धोक्याच्या हाय का, ज्याले अनुभव असन त्यानं सांगा बापा.

---

टायरवाला_पुसद

भाऊ, मी ११ वर्षांपासून याच कामात आहे, कंपनीचं नाव शेवटी सांगतो, आधी एक काम करा. टॉर्च घ्या अन् टायरच्या साईडवर एक लांबट गोल शोधा, त्यात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा अन् नंतरचे दोन म्हणजे साल. २३१९ लिहिलं असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा, म्हणजे जूनमध्ये बनलेला टायर. बाहेरून नाही दिसलं तर गाडीखाली वाकून आतल्या अंगानं पाहा, कारण हे आकडे बरेचदा एकाच बाजूला असतात अन् फिटिंग करताना ती बाजू आत गेली की मग कोणी पाहत नाही. जुनी गाडी घेणारा माणूस नक्षी पाहतो, हे आकडे पाहत नाही, अन् फसगत नेमकी इथंच होते.

रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. ऊन, उष्णता अन् हवा यानं ते कडक पडत जातं, अन् एक-दोन वर्षं गाडी अंगणात उन्हात उभी राहिली असेल तर चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर. तुमच्या टायरची नक्षी जाड आहे याचा अर्थ टायर कमी चालला, तो तरुण आहे असा त्याचा अर्थ नाही. १.६ मिलिमीटर हा कायद्याचा आकडा, त्याच्या खाली नक्षी गेली की टायर बाद, खाचेच्या तळाशी बारके उंचवटे असतात ते वरच्या रबराच्या बरोबरीला आले की समजायचं. पण ती घासलेल्या टायरची परीक्षा झाली, म्हाताऱ्या टायरची नाही. मोठ्या टायर कंपन्या सांगतात की ५ वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या अन् १० वर्षांपुढे नक्षी कितीही असो वापरू नका. आपल्या विदर्भात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळं मी माझ्या घरच्या गाडीला ६ वर्षांच्या पुढे जात नाही.

आधी आकडे टाका इथं, मग दोन का चार ते ठरवू.

---

काळीमाती_आर्वी

दादा, तुमचं वाचलं अन् तसाच टॉर्च घेऊन गाडीखाली घुसलो. समोरचे दोन अन् मागचा उजवा १११७. मागचा डावा, ज्याची हवा बसते तो, ३८१५. स्टेपनी २६१४, ते तं गाडीसोबत आलेलीच हाय वाटते, एकही दिवस जमिनीले लागली नसन, नक्षीवरचे रबराचे बारके केस अजून तसेच हायेत. म्हंजे ७० टक्के म्हणून सांगतलेले टायर ८ वर्षांच्या वरचे. मन बसलं.

---

पऱ्हाटी_दारव्हा

भाऊ मी तं तीन सालापासून जुनेच टायर घेऊन वापरतो, १२००-१५०० ले, आजपर्यंत काहीच झालं नाई. खेड्यातल्या गाडीले नवे टायर कायले पाह्यजे, वावरातून गाडी काढली तं तुरीचं खुंट नवा-जुना पाहत नाई. नव्या टायरले भोक पडलं तं जीव जळते, जुन्याले पडलं तं फेकून दुसरा.

---

टायरवाला_पुसद

दारव्हेकर भाऊ, तुमची गाडी गाव ते तालुका ४०-५० च्या स्पीडनं चालत असेल तर निभून गेलं, पण यांना समृद्धीवर जायचं आहे, तिथं कारला १२० ची मर्यादा आहे अन् सिमेंटचा रस्ता आहे, दोन-दोन तास पाय हलत नाही. ते वेगळं काम आहे.

अन् जुना टायर दुकानात कसा तयार होतो ते मी स्वतः पाहिलेलं सांगतो. घासून सपाट झालेल्या टायरला गरम पात्यानं खाचा खोल करतात, वरून काळं पॉलिश मारतात, ओल्या कपड्यानं पुसलं तर बोटाला काळं लागतं. खाच खोल केली म्हणजे खालचं रबर अजून पातळ झालं, तारेच्या पट्ट्यापर्यंत काही उरतच नाही. आत हात घालून पाहाल तर तीन-तीन पॅच सापडतील. एखाद्या टायरनं आधीच्या गाडीवर कमी हवेत शंभर किलोमीटर काढले असतील, आतून साईडचे धागे तुटलेले असतात, बाहेरून काहीच दिसत नाही. आपल्याला त्याचा मागचा इतिहास कळायला मार्गच नाही, अन् म्हणून मी जुना टायर कोणाला घ्या म्हणत नाही, माझं दुकान असून.

आर्वीवाले भाऊ, चारही बदला. पैसा एकदम नसेल तर शिर्डी पुढं ढकला पण दोन नवे अन् दोन आठ-दहा वर्षांचे घेऊन समृद्धीवर चढू नका. अन् मागच्या डाव्या चाकात ट्यूब टाकलेली आहे का ते उघडून पाहायला लावा. मला दाट शंका आहे. डिस्कची, म्हणजे टायर ज्या लोखंडी चाकावर बसतो त्याची, कड वाकली की ट्यूबलेस टायर तिथून हवा सोडतो, मग पंक्चरवाला डिस्क सरळ करण्यापेक्षा आत ट्यूब भरून देतो. अन् कड वाकलेली असेल तर नवा टायर टाकूनही हवा बसणारच.

---

माजी_एसटी_चालक

बाळा, मी २९ वर्षं एसटीत काढली, उमरखेडपासून धारणीपर्यंत सगळा भाग पालथा घातला, तुला दोन गोष्टी सांगतो.

पहिली हवेची. आपल्याइकडे मार्च लागला की जो तो सांगतो उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, गरम होऊन टायर फुटतो. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची साईड प्रत्येक चक्कराला जास्त दबते अन् सुटते, त्या दबण्यानंच टायर आतून तापतो, वरून उन्हाचा रस्ता, अन् मग फुटतो. फुटलेल्या टायरांत मी जेवढे हातात घेऊन पाहिले त्यात बहुतेकांच्या साईडला आतून गोल काळी रेघ उमटलेली होती, रबराचा भुगा पडलेला होता, ती कमी हवेत चालल्याची खूण. गाडीच्या ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर समोर किती मागे किती, रिकामी असताना किती अन् भरल्यावर किती, सगळं लिहिलं आहे. तेवढीच ठेवायची, अन् सकाळी गाडी हलायच्या आधी मोजायची. तू जानेवारीच्या पहाटे १० डिग्रीत भरली अन् मे महिन्यात ३० डिग्रीच्या पहाटे मोजली तर काटा आपोआप तीन-चार पॉइंट (पीएसआय) वर दिसतो, ५-६ डिग्रीला साधारण एक पॉइंट असा हिशेब. तेव्हा पहाटे मोजून बरोबर करायची. पण दुपारी चालवून पंपावर गेला अन् काटा वर दिसला म्हणून हवा सोडायची नाही, कारण गार झाल्यावर तीच हवा कमी पडते.

दुसरी गोष्ट, समजा पैशापायी दोनच घेतले, तर नवे मागे टाकायचे. मला माहीत आहे सगळे दुकानदार समोर टाकतात. समोरचा टायर पाण्यावर सुटला तर ॲक्सिलेटर सोडला की गाडी परत येते, हातात स्टिअरिंग असतं. मागचा सुटला तर गाडी स्वतःभोवती फिरते, तिला आवरायला तुझ्या हातात काहीच नसतं.

---

काळीमाती_आर्वी

काकाजी, हवेचं हे पहिल्यांदाच कोणी समजावून सांगतलं. मी तं दरसाल मार्चपासून मोटरसायकलची हवा २ पॉइंट कमीच ठेवत होतो, बापानं तसंच शिकवलं होतं. मागच्या चाकात ट्यूबच हाय, हवा भराची नळी दाबून पाह्यली तं ढिली हालते, टायरवाले दादा बरोबर बोलले.

साइजचं कोणी सांगा ना. १८५ घेतले तं पांदणीत बरे पडन का?

---

मास्तरीण_धानोरा

दादा, साइजवर मी सांगते, मी हे सगळं स्वतः करून पाहिलं आहे. माझी पण डिझायरच, २०१५ ची, वीएक्सआय. गडचिरोली ते धानोरा अन् तिथून पुढं शाळेपर्यंत ११ किलोमीटर, त्यातले शेवटचे ४ जंगलातले. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकानं १५ इंची चकचकीत डिस्क अन् १८५/६५ चे टायर टाकून ठेवले होते. दिसायला छान. पण पहिल्याच पावसाळ्यात दोन टायरच्या साईडला फुगे आले, एक तर चिंचेएवढा, खड्ड्याच्या कडेवर आपटून आतले धागे तुटले की तिथं फुगा येतो अन् फुगा आलेल्या टायरला कोणताच पॅच चालत नाही, तो काढूनच टाकावा लागतो.

मग मी कागद घेऊन हिशेब मांडला. १६५/८० म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलिमीटर अन् साईडची उंची त्याच्या ८० टक्के, म्हणजे १३२. १८५/६५ मध्ये तीच उंची १२० येते. बारा मिलिमीटर रबर कमी, अन् खड्ड्यात चाक पडलं की डिस्क अन् दगड यांच्या मधात तेवढीच गादी असते. मी परत १४ च्या साध्या लोखंडी डिस्कवर अन् १६५/८० वर आले, त्याला आता तीन पावसाळे झाले, फुगा नाही. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते, हे पण खेड्यात मोठं काम आहे.

तुम्हाला रुंद पाहिजेच असेल तर त्याच १४ च्या डिस्कवर १८५/७० बसतो म्हणून दुकानदार सांगतील, चाकाचा एकूण घेर जवळपास तेवढाच येतो त्यामुळं स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, पण स्टिअरिंग जड वाटतं अन् ॲव्हरेज थोडं पडतं. मी तर म्हणते कंपनीनं जे दिलं तेच ठेवा. साइजच्या पुढं ८५टी सारखं काहीतरी लिहिलेलं असतं ते पण पाहा, ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो वजन अन् टी म्हणजे १९० पर्यंतचा वेग. हा आकडा जुन्यापेक्षा कमी घ्यायचा नाही.

तुरीच्या अन् पऱ्हाटीच्या खुंटाचं दारव्हेकर दादा बरोबर बोलले. नक्षीत घुसलं तर पंक्चर निघतं, साईडला घुसलं तर टायर गेला. तिरपी कापलेली तुराटी भाल्यासारखी असते, म्हणून कापणी झालेल्या वावराच्या धुऱ्यावरून गाडी वळवू नका, थोडं चालत जावं लागलं तरी चालेल.

---

टायरवाला_पुसद

ताईंनी माझं अर्धं काम केलं. आता कंपनी. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामा, मिशेलिन, यातलं कोणतंही नवं, ताजं अन् आयएसआय मार्क असलेलं घेतलं तरी तुमचं काम होतं. माझा अनुभव असा की पांदण अन् गिट्टीच्या रस्त्याला ज्याची साईड कडक तो टायर बरा, तो थोडा आवाज करतो पण टिकतो. मऊ रबराचे टायर पावसात छान पकडतात, आवाज नसतो, पण गिट्टीवर लवकर झिजतात. तुम्हाला घरून निघालं की दरवेळी पांदण लागते म्हणून मी कडक साईडचा म्हणेन. ज्या कंपनीचा डीलर तुमच्यापासून जवळ, तिला दोन गुण जास्त द्या, क्लेम करायची वेळ आली तर शंभर किलोमीटर जावं लागू नये.

दुकान चालतं घ्या, जिथं माल पडून राहत नाही. टायर रॅकवरून काढल्यावर चारही टायरचे आकडे स्वतः वाचा, बसवायच्या आधी. सहा महिन्यांच्या आतला पाहिजे म्हणून सांगा, वर्षाच्या वरचा असेल तर परत करा, भाव तोच घेतात तर जुना काय म्हणून घ्यायचा. पक्कं बिल घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला आहे, बिलावर १८ च पाहिजे.

अन् सगळ्यात महत्त्वाचं, नवे टायर टाकायच्या आधी जुने कसे घासले ते पाहून ठेवा. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी राहत होती, मधातच घासला असेल तर जास्त, एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट बिघडली किंवा खालचे बुश, म्हणजे चाकाच्या दांडीच्या जोडातले रबर, गेले. गाडी ११ वर्षांची आहे, बुश तपासल्याशिवाय नवे टायर टाकले तर ५-६ हजार किलोमीटरमध्ये आतली कड खाऊन टाकते अन् वरून दिसत पण नाही. हवा भरायचे रबरी वालसुद्धा चारही नवे टाका, किरकोळ पैसे लागतात.

---

माजी_एसटी_चालक

बसवून आणल्यावर शंभर-दीडशे किलोमीटरनं चाकाचे बोल्ट परत एकदा पान्यानं आवळून घे. अन् पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नको, नव्या टायरवर साच्यातला बुळबुळीत थर असतो, तो निघेपर्यंत पकड येत नाही. अन् बापाला पुढच्या सीटवर बसवशील ना, मागं बाकीची मंडळी अन् डिकी भरलेली राहील, तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा घे.

---

काळीमाती_आर्वी

मंडळी, काम झालं, तुम्हाले सांगाव म्हणून लिहितो.

वर्ध्याले गेलो. दुकानावाल्यानं चार टायर काढले, मी मोबाईलच्या उजेडात एकेकाचे आकडे वाचले, तीन ३३२५ निघाले अन् एक ०८२४. त्याले म्हटलं हा दीड सालाच्या वरचा हाय, बदलून दे. आधी म्हणे एवढं कोणी पाहत नाई, मंग आतून दुसरा आणला, तो ३४२५. एक टायर ४७०० प्रमाणे चार घेतले, पक्कं बिल, वाल नवे, बॅलन्सिंग अन् अलाइनमेंट वेगळं. दोन एकराच्या फवारणीचा खर्च गेला त्याच्यात, पण घेतले.

मागचं डावं चाक उघडलं तेव्हा मी उभाच होतो. आतून ट्यूब निघाली, तिले चार पॅच, अन् दोन जागी टायरच्या आतल्या रबरानं घासून घासून अशी पातळ झाली होती का बोट ठेवलं तं आरपार उजेड दिसे. त्या पोरानं सांगतलं का ही ट्यूब फुटली असती तं हवा वालच्या भोकातून एका क्षणात गेली असती, ट्यूबलेसमधून हळूहळू जाते तशी नाई. दवाखान्यात जाताना बाप त्याच्याच वरच्या सीटवर बसत होता, माह्या अंगावर काटा आला. डिस्कची कड वाकलेली होती, ठोकून सरळ केली, पाण्यात बुडवून दोनदा पाह्यली. समोरच्या डाव्या बाजूचं खालचं बुश पण गेलेलं निघालं, ते बदलल्यावरच अलाइनमेंट केली.

साइज १६५/८० च ठेवली, मास्तरीण ताईचा हिशेब दुकानावाल्याले दाखवला.

स्टेपनीचं मात्र अडलं, पाचवा टायर घ्याले पैसे नाई पुरले. जुन्यातला सगळ्यात बरा १११७ वाला ठेवला हाय, तो लागलाच तं ५०-६० च्या वर गाडी नेणार नाई अन् पहिल्या दुकानापर्यंतच, असं ठरवलं. तूर निघाली का पाचवा घेतो. बाकीच्यातले दोन शेजारच्या काकानं फवारणीच्या पाण्याची टाकी ओढाच्या ढकलगाडीले मागून नेले.

काटा असलेला पायपंप पण घेतला. शनिवारी पहाटे ५ ले निघतो. माय म्हणे ४ ले उठ, आंघोळ कर, पूजा कर. म्हटलं पूजेच्या आधी हवा मोजतो, गाडी गार असतानाच.